रुसलेला नवरदेव आणि बद्रुद्दीन

टेकडीवरचे दगड कोणी उभे केले, असं कोणी विचारलं की बद्रुद्दीन मुलाणी आधी खोकायचा, मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालायचा आणि मग सांगायचा, "साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला." सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव असायचा, की हा गडी तेव्हा तिथं हजर होता आणि बाकीच्यांना यायला उशीर झाला. पाव्हणे हसायचे. तो हसायचा नाही. कधीकधी कोटीच्या ठिकाणी लाख म्हणून जायचा, आणि कोणी टोकलं तर म्हणायचा, म्हातारा दगड आहे, वय कमी सांगितलं तर त्याला बरंच वाटंल.

टेकडी तशी काही मोठी नाही. हिच्यापेक्षा उंच टेकड्या मावळात पायलीला पन्नास मिळतील. पण हिच्या माथ्यालगत काळ्या दगडाचे सहाकोनी खांब उभे आहेत, काही माणसाएवढे, काही त्याच्या दुप्पट, एकाला एक खेटून. खालून बघितलं तर माणसंच दाटीनं उभी आहेत असं वाटतं, म्हणून नाव वऱ्हाडाची टेकडी. रांगेपासून जरा बाजूला एक बुटका दगड आहे, कललेला, सगळ्यांकडे पाठ करून बसल्यासारखा. तो नवरदेव. त्याच्या मागं एक सडपातळ शिळा उभी आहे, ती नवरी.

पायथ्याच्या वाडीत ही गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. वऱ्हाड टेकडीवर टेकलं होतं. नवरदेव कशावरून तरी रुसला. कोणी म्हणतं घोडं मिळालं नाही म्हणून, कोणी म्हणतं भात थंड वाढला म्हणून. नवरीच्या आईनं पाया पडून झालं, बापानं पागोटं त्याच्या पायावर ठेवून झालं, पण हा पाठ फिरवून बसला तो बसलाच. सूर्य बुडाला, मुहूर्त टळला. तेव्हा नवरीची आई म्हणाली, बसलास ना, मग बस. आणि सगळं वऱ्हाडच्या वऱ्हाड दगड झालं.

त्यामुळे वाडीची एक रीत होती. वाडीतल्या मुलीचं लग्न निघालं की पहिली हळद टेकडीवर जायची. नवरीच्या शिळेला हळद लावायची, आणि मग मुलीकडच्या पुरुषानं नवरदेवासमोर उभं राहून त्याला शिव्या घालायच्या. तोंड भरून, मोठ्यानं, हातचं न राखता. म्हणजे आपल्या लेकीचा नवरा रुसका निघत नाही. जितकी शिवी सणसणीत तितका संसार नीट. शिव्या न घालता माघारी आलं तर मुलीच्या अंगाला हळदीचा रंग चढत नाही, असं बायका सांगायच्या. मराठ्यांच्या घरची मुलगी असो की मुलाण्यांच्या, हळदीची वाटी वर जायचीच. यात कोणाचा धर्म आडवा येत नव्हता, कारण रुसका जावई सगळ्यांच्याच घरी येऊ शकतो.

बद्रुद्दीनचं तोंड या कामी नावाजलेलं. त्याच्या दोस्ताला, मारुतीला, शिव्या यायच्या नाहीत. मारुती पहिल्यापासून पडखाऊ, कुत्र्याला हाड म्हणायचं तरी आजूबाजूला बघून म्हणणारा. मारुतीचा बाप लवकर गेला. बहिणीच्या लग्नात टेकडीवर जायची पाळी मारुतीवर आली, आणि हा नवरदेवासमोर उभा राहून रडायलाच लागला. तेव्हा त्याच्या आईनं, सरुबाईनं, बद्रुद्दीनला हाक मारली. म्हणाली, तुझ्या तोंडात ताकद हाय, तूच भाऊ हो. बद्रुद्दीननं त्या दिवशी नवरदेवाची सात पिढ्यांपर्यंत जी काही पूजा बांधली, ती वाडीत अजून सांगतात. मारुतीची बहीण सुखात नांदली. सरुबाई तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला करंज्यांचं ताट आधी मुलाण्यांच्या घरी पाठवत आली.

बेगडेवाडीच्या बाजूच्या एका कारखान्यात बद्रुद्दीननं कंत्राटी म्हणून उमेदीची वर्षं घालवली. कंत्राट संपलं, दुखरे गुडघे राहिले. तेवढ्यात टेकडीवर उद्यान निघालं. लोणावळ्याला येणारी माणसं हल्ली धबधबे बघून कंटाळतात, त्यांना काहीतरी नवीन लागतं. म्हणून पायऱ्या झाल्या, बाकडी आली, तिकिटाची खिडकी आली आणि वाडीतल्या माणसांना कामं मिळाली. मारुती फाटकावर बसला. बद्रुद्दीन वाटाड्या झाला.

पुण्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम वाटाड्यांना शिकवायला आल्या होत्या. जमिनीला भेगा पडून लाव्हा कसा बाहेर आला, थरावर थर कसे बसले, निवताना आकसून तो असा खांबाखांबानं कसा तडकला, हे त्यांनी चिखल वाळवून दाखवलं. बद्रुद्दीन हरखून गेला. जन्मभर ज्या दगडांवर बसून बिड्या ओढल्या ते एके काळी वाहत होते, हे त्याला फार आवडलं. घरी येऊन त्यानं बायकोला, मेहमुदाला, सांगितलं. ती म्हणाली, मौलवीसाहेब तर सांगतात दुनिया सहा दिवसांत झाली. बद्रुद्दीन म्हणाला, आल्लाचा दिवस केवढा आसतो ते तुला काय ठावं. मेहमुदानं पुढं विचारलं नाही. नवरदेवाचं काय, असंही तिनं विचारलं नाही. घरात तिन्ही गोष्टी सुखानं राहत होत्या. लाव्हा दगडाचा होता, नवरदेव वाडीचा होता आणि दुनिया आल्लाची होती, आणि बद्रुद्दीनला यात भांडणासारखं काही दिसत नव्हतं.

भांडण दिसलं ते आदिनाथला. आदिनाथ हा उद्यान समितीचा अध्यक्ष, लोणावळ्यात त्याचं लॉज. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्या माणसाला कोणी मध्येच तोडत नाही. टेकडीवर आधीच लावलेला लाव्हाचा फलक बघून काही पाव्हण्यांनी तक्रार केली होती, की इथं फक्त विज्ञानच का, आमच्या श्रद्धेला जागा का नाही. आदिनाथनं सभा घेतली आणि ठराव मांडला, की दोन फलक लावायचे, सारख्या मापाचे, शेजारी शेजारी. एकावर वैज्ञानिक मत, दुसऱ्यावर पारंपरिक मत. बघणाऱ्यानं आपलं ठरवावं.

मॅडम मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, गोष्ट जरूर सांगा, ती इथली आहे, ती हरवू नये. पण दगड कसा झाला याची दोन उत्तरं नाहीत, एकच आहे. गोष्टीला उत्तराच्या खुर्चीत बसवू नका, त्यात गोष्टीचंही वाटोळं होईल. आदिनाथ हसून म्हणाला, मॅडम, आम्ही काही तुमचा फलक काढत नाही, फक्त बरोबरीनं बसायला जागा मागतो. टाळ्या पडल्या. बद्रुद्दीननंही वाजवल्या. गोष्टीला फलक मिळतोय याचा त्याला आनंदच झाला होता, आणि मॅडम एवढ्या कशासाठी तळमळतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

फलक लागला तेव्हा मात्र तो बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. त्यावर घोडं नव्हतं, थंड भात नव्हता. नवरीची आईही नव्हती. 'स्वयंभू दिव्य वरमूर्ती' असं काहीतरी लिहिलं होतं, आणि तपश्चर्या, आणि वरदान. महिन्याभरात नवरदेवाला शेंदूर लागला, चांदीचे डोळे बसले, पुढं दानपेटी आली. ज्या रुसक्याला वाडीनं पिढ्यान्पिढ्या हासडलं, त्याला बसल्या जागी बढती मिळाली. मारुतीला बद्रुद्दीन म्हणाला, आता ह्याला शिवी द्यायची म्हंजी वरनं परवानगी काढावी लागंल. दोघं हसले होते. हसले होते, हे मुद्दाम सांगायला हवं.

मग समितीचा निरोप आला. वाटाड्यांनी दोन्ही मतांना सारखा वेळ द्यावा, एकाकडे झुकू नये. बद्रुद्दीननं मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, गोष्ट सांगा बद्रूभाई, पण गोष्ट म्हणून सांगा. त्याला वाटलं, एवढंच ना. फलकावरचं त्याला पाठही होत नव्हतं आणि पटतही नव्हतं. त्याला जी गोष्ट ठाऊक होती ती त्यानं सांगायची ठरवली, जशी त्याच्या आईनं सांगितली तशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि त्या गोष्टीचा शेवट शिव्यांत होता.

त्या रविवारी मोठा घोळका होता. बद्रुद्दीननं आधी लाव्हा सांगितला. मग टोपी नीट केली आणि गोष्टीला हात घातला. घोडं सांगितलं, भात सांगितला, सासूची विनवणी अशी सांगितली की दोन बायकांनी डोळे पुसले. मग म्हणाला, आन मंग आमी काय करतो बगा. नवरदेवासमोर गेला, कमरेवर हात ठेवले आणि वाडीच्या रीतीनं सुरू झाला. ऊठ की रं मुडद्या, पोरगी उभी ऱ्हाऊन वाळली, तू कुठल्या थोर बापाचा लागून गेलास. पुढचं लिहिण्यासारखं नाही, पण ते सगळं पोटातून आलेलं होतं. त्याच्या लायबाचं लग्न ठरलं होतं सुदुंबऱ्याच्या याह्याशी, आणि थोड्याच दिवसांत हेच काम त्याला स्वतःच्या लेकीसाठी करायचं होतं. त्यामुळे त्या दिवशी जीभ जरा जास्तच चालली. लोक पोट धरून हसले. कोणीतरी मोबाइल धरला होता.

मोबाइलवर घोडं आलं नाही, सासू आली नाही. एक दाढीवाला, टोपीवाला माणूस शेंदूर लावलेल्या, चांदीच्या डोळ्यांच्या मूर्तीला आईबापावरून शिव्या देतोय, तेवढंच आलं. खाली त्याचं नाव होतं, वाडीचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत ते कुठं कुठं फिरलं देव जाणे. ज्यांनी टेकडी कधी बघितली नव्हती, ज्यांना नवरदेव ठाऊक नव्हता, त्यांच्याही भावना दुखावल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर गाड्या भरून पोरं आली. पोलिसांनी बद्रुद्दीनला गाडीत घातलं, त्याच्याच सुरक्षेसाठी म्हणाले. चौकीत त्याला हात जोडायला लावून माफी मागायला लावली आणि तीही मोबाइलवर घेतली. त्यानं ती नीट मागितली. कशाची मागतोय हे त्याला विचारलं असतं तर मात्र सांगता आलं नसतं.

सुटून आल्यावर त्याची एकच मागणी होती. कामावर ठेवा किंवा काढा, पण वाडीनं एवढं सांगावं की ही आपली रीत आहे. ही रीत वाडीची ठरली तर बद्रुद्दीन वाडीचा होता. नाही तर तो कोणीतरी बाहेरचा होता, जो येऊन देवाला शिव्या देऊन गेला. समाजमंदिरात सभा भरली. भिंतीला टेकून सगळी वाडी बसली होती, आणि समोर आदिनाथबरोबर अनोळखी पोरं, हातांत मोबाइल उभे धरून. आदिनाथनं गोड आवाजात मारुतीला उभं केलं. म्हणाला, तुम्ही इथले जुने, फाटकावरचे विश्वासाचे माणूस. तुम्ही सांगा, देवाला असं बोलायची प्रथा तुमच्यात आहे का?

मारुती उठला. मोबाइल त्याच्याकडे वळले. त्यानं आधी आजूबाजूला बघितलं, नेहमीसारखं. बद्रुद्दीनकडे तेवढं बघितलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "आमच्यात आसलं काय न्हाई."

भिंतीला टेकलेल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. त्यातल्या निम्म्यांनी त्या दगडाला स्वतः शिव्या घातल्या होत्या, आणि उरलेल्यांच्या बहिणींसाठी कोणी ना कोणी घातल्या होत्या. मला या माणसांचा राग येतो आणि त्यांची भीतीही कळते, आणि दोन्हींचा काही उपयोग नाही. बद्रुद्दीन उठून घरी गेला. वाटेत त्यानं टोपी काढून खिशात ठेवली, ती बरेच दिवस पुन्हा डोक्यावर आली नाही.

काम गेलं, ते तर जाणारच होतं. लाव्हाचा फलक रंगवायला म्हणून खाली उतरवला, तो परत चढला नाही. बरोबरीनं बसायला जागा मागणाऱ्यानं सगळं बाकडंच घेतलं. मॅडमनी अर्ज केले, एका वर्तमानपत्रात लिहिलं, एकदा बद्रुद्दीनच्या घरीही आल्या. म्हणाल्या, मीच तुम्हाला गोष्ट सांगा म्हणाले. बद्रुद्दीननं त्यांना चहा दिला आणि दुसऱ्याच गोष्टी काढल्या. नवरदेवाभोवती जाळी आली, वर कॅमेरे आले.

राहता राहिलं लायबाचं लग्न. याह्याच्या घरचे मोडतात की काय अशी धास्ती होती, पण ते भले निघाले, तारीख तीच ठेवली. हळदीच्या सकाळी मेहमुदानं काही न बोलता पहिली वाटी भरून नवऱ्याच्या हातात दिली. जाऊ नका, असंही ती म्हणू शकली असती. पण ती तसं म्हणाली नाही. लेकीच्या हळदीला रंग चढला नाही तर, ही भीती तिला पोलिसांच्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती. आणि खरं सांगायचं तर बद्रुद्दीनलाही. दगड कसा तडकतो हे हजारोंना समजावणारा हा माणूस, वाटी रुमालानं झाकून लपतछपत टेकडीच्या वाटेला लागला.

फाटकावर मारुती होता. अजून पाव्हणे यायचे होते. त्यानं वाटी बघितली आणि तो खुर्चीवरून उठला.

"बद्रू, माघारी फिर."

"हळद हाय रं. लायबाची."

"ठावं हाय मला. वर कॅमेरे हायेत. माझी नोकरी जायची ती जाऊ दे, पण तुला पुन्यांदा न्यायला येतील. लग्नाच्या मांडवातनं नेतील."

तो खरं बोलत होता, आणि नोकरीचं तो खोटं बोलत होता, हे दोन्ही बद्रुद्दीनला दिसलं. त्यानं वाटी पुढं केली. तू तरी नेऊन लाव, म्हणाला, निदान नवरीला लाव, शिव्या ऱ्हाऊ देत. मारुतीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. मग बद्रुद्दीननं तिथूनच वर बघितलं. जाळीतून नवरदेवाचे चांदीचे डोळे चमकत होते. इथूनच मनातल्या मनात चार शिव्या द्याव्यात असं त्याला वाटलं, पण ज्याच्या तोंडात ताकद म्हणून वाडी त्याला पुढं करायची, त्याला एक शब्द सुचला नाही. उतरताना ओढ्याच्या पाण्यात त्यानं वाटी बुडवली आणि हळद विरघळेपर्यंत थांबला. घरी मेहमुदानं विचारलं, शिवी दिली का? तो म्हणाला, दिली.

दुपारनंतर मांडवात बायका जमल्या. वाडीतल्या फार थोड्या आल्या होत्या. तेवढ्यात रस्त्याकडून मारुती येताना दिसला, आईला हाताला धरून. सरुबाई आता थकली होती, घराबाहेर फारशी पडत नसे. मोबाइल, पोलीस, सभा, यातलं तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. बद्रूच्या पोरीची हळद आहे एवढं मात्र तिनं कुठून तरी ऐकलं होतं आणि सकाळपासून मारुतीच्या मागं लागली होती. मांडवात येऊन ती खुर्चीवर टेकली, लायबाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मोठ्यानं, जसं ती आयुष्यभर बोलत आली तसं, म्हणाली,

"बद्रू, नवऱ्याला शिव्या घातल्यास का न्हाई?"

 मेहमुदानं पदर तोंडाशी धरला. बद्रुद्दीन मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर मारुती, ज्याला ठाऊक होतं.

"घातल्या, मावशी," तो म्हणाला.

"चांगल्या घातल्यास नव्हं? माझ्या पोरीच्या येळंला घातल्या हुत्यास, तशा?"

"तशाच."

म्हातारीचं समाधान झालं नाही. तिनं मान वळवून लेकाकडे बघितलं. "तू हुतास का रं ह्याच्या संगं?"

मारुतीनं आजूबाजूला बघितलं नाही. पहिल्यांदाच नाही. तो बद्रुद्दीनकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

"व्हय," तो म्हणाला. "मी हुतो."

"मंग लावा की पोरीला," सरुबाई म्हणाली, आणि तिनंच बोटांनी हळद उचलून लायबाच्या गालाला लावली. बायकांनी गाणं धरलं. मारुती मांडवाबाहेर जाऊन चपला शोधू लागला. त्याला कोणी थांब म्हटलं नाही. बद्रुद्दीन खांब सोडून पुढं आला आणि लेकीच्या गालाकडे वाकून बघत राहिला, रंग चढतोय का.